भार कोणी मोजायचा?

वसई-विरारकडून येणारी आपली माणसे परळला उतरतात ती बहुधा दोन कारणांसाठी: नोकरीसाठी, नाहीतर रुग्णालयासाठी. केईएम, वाडिया, टाटा ही नावे आपल्यातील कित्येक घरांनी कधी ना कधी दबक्या आवाजात उच्चारलेली आहेत. पश्चिम रेल्वेच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकात (२०१८ पासून त्याचे नाव प्रभादेवी) उतरायचे आणि मध्य रेल्वेच्या परळ स्थानकाला जोडणाऱ्या पादचारी पुलावरून पूर्वेला जायचे, ही वाट आम्हीही अनेक महिने तुडवली. हातात डबा, मनात काळजी आणि नजर पुढच्याच्या पाठीवर. गर्दीत पाऊल अडले की आम्ही चरफडत असू. परंतु ही वाट एवढी माणसे पेलू शकते का, हा प्रश्न आमच्या मनाला कधी शिवला नाही.

२९ सप्टेंबर २०१७. आपल्या दिनदर्शिकेत महादूतांचा सण आणि पंचांगात खंडेनवमी, म्हणजे अवजारांच्या पूजेचा दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमारास पावसाची जोरदार सर आली. लोक पुलावरच आडोशाला थांबले, गाड्यांतून उतरणारे मागून येतच राहिले, आणि अरुंद जिन्यावर २३ माणसे चेंगरून मरण पावली. कोणीतरी हिंदीत ‘फूल पडले’ म्हणून ओरडले आणि लोकांनी ‘पूल पडला’ असे ऐकले, असे एका जखमी मुलीने सांगितल्याचे चौकशीत नमूद झाले. पूल मात्र पडला नव्हता. लोखंड शाबूत राहिले आणि माणसे गेली.

मग तो पूल भार पेलण्यास समर्थ होता असे म्हणावे काय?

लोखंडी कैचीची शक्ती ठरविण्याची रीत मोठी उद्बोधक आहे. कैची म्हणजे दांड्यांचे त्रिकोण. वरचा भार प्रथम सांध्यांवर वाटून घेतला जातो. प्रत्येक सांध्यावर सर्व बलांचा समतोल मांडला की कोणता दांडा ताणला जातो आणि कोणता दाबला जातो हे कळते. ताणाचा हिशेब सोपा असतो. साध्या बांधकामी पोलादाचा एक चौरस मिलिमीटर सुमारे २५ किलोंचा ताण सोसतो. त्यापुढे ते कायमचे लांबू लागते. दाबाची गोष्ट निराळी. दाबलेला सडपातळ दांडा चिरडण्याच्या कितीतरी आधी बाक घेऊन वाकतो. लांबी दुप्पट केली तर त्याची शक्ती चौथाईवर येते, हे ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवून दिले. त्यानंतर रिव्हेट, जोडपट्ट्या आणि गंजाने खाल्लेली जाडी तपासायची. कैचीची शक्ती तिच्या सर्वांत दुबळ्या अवयवावरून ठरते. बाकीचे अवयव कितीही बळकट असोत, त्यांचा उपयोग तेवढ्यापुरताच.

इतके सारे झाले तरी उत्तर अपुरेच राहते, कारण ‘भार किती येणार?’ हे लोखंड सांगत नाही. ते माणसांनीच ठरवावे लागते. रस्त्यावरील पुलांच्या पदपथांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरावयास सांगितले आहे. जेथे मोठी गर्दी दाटण्याचा संभव आहे तेथे ५००. म्हणजे पुलाच्या गणितात माणसांविषयीचा एक अंदाज दडलेला असतो. तो अंदाज जुना झाला तर काय?

परळमध्ये नेमके तेच घडले. गिरण्यांच्या काळात कामगार बहुतांशी जवळच्या चाळींत राहत आणि भोंगा झाला की पायी कामावर जात. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. त्यांच्या जागी कचेऱ्या आणि मनोरे उभे राहिले. नवा कर्मचारी चाळीतून येत नव्हता, तो विरार-कल्याणहून गाडीने येत होता. जमिनीचा उपयोग पार बदलला, जिना तेवढाच राहिला. नवा रुंद पूल मंजूर झाला होता, पण तो कागदावरच होता. ‘रोज जातातच की लोक!’ हाच जणू जुन्या पुलाच्या सामर्थ्याचा पुरावा मानला गेला.

काल पेलले म्हणून आज पेलेल, हा युक्तिवाद फार जुना आहे. कॅनडातील क्वेबेक पुलाच्या कैचीचा गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फूट करण्यात आला, परंतु पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने मांडला गेला नाही. खालच्या दाबलेल्या अवयवांना आलेला बाक जागेवरच्या अभियंत्यांनी मोजलाही होता. पत्रे गेली, चर्चा झाली, काम मात्र थांबले नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी तो पूल कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले.

हे लिहिताना आम्हांला आमची थोरली वहिनी आठवते. घरातला रुग्ण परळला होता तेव्हा पहाटेचा स्वयंपाक, मुलांच्या शाळा आणि दुपारचा डबा घेऊन जाणे हे सारे तिच्याकडे होते. आम्ही कौतुकाने म्हणत असू, ‘तिला सवय आहे.’ महिन्यामागून महिने भार वाढत गेला आणि कोणीही नव्याने हिशेब केला नाही. एके सकाळी ती ओट्यापाशी उघडा डबा समोर ठेवून नुसती उभी राहिली. रडली नाही, बोलली नाही; डबा काही भरेना. त्या दिवशी आम्ही वार वाटून घेतले. ते पहिल्याच महिन्यात करता आले असते.

दाबलेला अवयव ओरडत नाही, तो मुकाट्याने बाक घेतो. तो बाक पाहण्यासाठी कोणीतरी वाकून, दांड्याच्या रेषेत डोळा लावावा लागतो. संत पौलाने गलतीकरांना एकाच अध्यायात परस्परांच्या ओझ्याला हात लावण्याचा आणि स्वतःचा भार स्वतः वाहण्याचाही बोध केला आहे. आम्हांला तो पूर्वी परस्परविरोधी वाटे. कैचीकडे पाहिल्यावर तसे वाटत नाही. प्रत्येक दांडा आपला वाटा वाहतो, आणि सांध्यांमधून शेजाऱ्याचाही.

भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी त्या ठिकाणी उभारलेला नवा पादचारी पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. म्हणजे जागा होती, लोखंड होते, कसबही होते. अवघ्या पाच महिन्यांत काम उभे राहिले. उणीव होती ती वेळेवर मोजमाप करणाऱ्याची. तो दोष केवळ कचेरीतल्यांचा म्हणून आम्हांला सुटता येत नाही. त्या जिन्यावर वर्षानुवर्षे चरफडणाऱ्या आमच्यापैकी किती जणांनी एक तरी अर्ज लिहिला? आणि आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात जो मुकाट्याने पेलतो आहे, त्याला आपण शेवटचे कधी विचारले?