अराताचा पासपोर्ट

फुटबॉलपटू अराता इझुमीला आपल्या जन्मगावी जायचं असेल तर आता व्हिसा काढावा लागतो. गावाचं नाव शिमोनोसेकी, जपानच्या होन्शू बेटाच्या पार पश्चिम टोकाचं बंदर. १९८२ साली तो तिथे जन्मला. आई जपानी, वडील गुजराती. वडिलांकडचं त्याचं नाव नीलकंठ खंभोळजा. २००६ मध्ये तो ईस्ट बंगालकडून खेळायला कोलकात्याला आला, तिथून मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये आणि २००९ पासून पुणे एफसीमध्ये. २०१२ साली, वयाच्या तिशीत, त्याने जपानी नागरिकत्व सोडलं आणि तो भारतीय झाला. त्याला भारताकडून खेळायचं होतं आणि त्यासाठी दुसरा मार्ग नव्हता.

आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. परदेशी पासपोर्ट बाळगणाऱ्या भारतीय वंशाच्या खेळाडूला देशाकडून उतरता येणार नाही, असं केंद्र सरकारचं धोरण २००८ पासून आहे. ओसीआय कार्ड असलं तरी तेच.

तिशीतल्या फुटबॉलपटूने असा निर्णय घेणं म्हणजे काय, हे जरा थांबून बघायला हवं. पायांत उरलेली वर्षं चार-पाच. मोठी दुखापत झाली तर तीही नाहीत. जपानी पासपोर्टवर जगातल्या बहुतेक देशांत व्हिसाशिवाय जाता येतं. भारतीय पासपोर्ट घेऊन जायचं तर बँकेचे कागद, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट असं सगळं बाड व्हिसा केंद्राच्या खिडकीवर ठेवावं लागतं. आईचं माहेर, शाळा, लहानपणचे सोबती, सगळंच एका सहीने परदेशात गेलं. एवढं करूनही संघात घेऊच, अशी हमी कुणी देत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीला पॅलेस्टाइनविरुद्ध तो पहिल्यांदा भारताकडून खेळला. तो सामना आपण हरलो. पुढेही त्याच्या वाट्याला मोजकेच आंतरराष्ट्रीय सामने आले.

ज्या क्लबांच्या भरवशावर तो इथे राहिला, त्यांचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये कंपनीने बंद केला. पुणे एफसी, जो बालेवाडीच्या मैदानावर डेरिक परेरांच्या हाताखाली घडला आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये थेट दुसरा आला, तो २०१५ नंतर त्या स्पर्धेत दिसलाच नाही. इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) एफसी पुणे सिटी, ज्याच्याकडून अराता २०१६ मध्ये खेळला, तो २०१९ मध्ये गुंडाळला गेला. माणसाने देश बदलला आणि शब्द पाळला. इथल्या संस्थांना तग धरणंही जमलं नाही. खेळणं थांबल्यावर अराता जपानला परतला नाही. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीत तो मुलांना शिकवू लागला.

तरीही अशा खेळाडूंविषयी एक प्रश्न हमखास विचारला जातो, चहाच्या टपरीवर आणि टीव्हीवरच्या चर्चेतही: हा मनाने खरंच आपला आहे का, की तिकडे डाळ शिजली नाही म्हणून इकडे आला? जन्माने भारतीय असलेल्याला हा प्रश्न कधी कुणी विचारत नाही. त्याचं भारतीयत्व त्याला आयतं मिळालेलं असतं. ज्याने ते मोल देऊन घेतलं, त्यालाच पुन्हा पुन्हा पावती दाखवायला लावणं हा अन्याय आहे, आणि सज्जन म्हणवणारी माणसंही तो सहज करून जातात.

इंदूरच्या मराठी माणसाने तरी तो करू नये. मल्हारराव होळकर मूळचे जेजुरीजवळच्या होळचे. त्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या मागोमाग दक्षिणेतून जी घरं माळव्यात आली, त्यांतल्या कित्येकांची नातवंडं-पतवंडं आज हे पान वाचत असतील. या शहराचं खेळातलं नाव तर बाहेरून आलेल्यांनीच मोठं केलं. कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, घराणं तेलुगू. १९२३ मध्ये तुकोजीरावांनी त्यांना बोलावून घेतलं आणि सैन्यात हुद्दा दिला. चंदू सरवटे सागरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. १९४५-४६ च्या रणजी सामन्यात होळकर संघाने इंदूरला म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या; सहा जणांनी शतकं ठोकली आणि हे तिघेही त्या सहांत होते. त्याच्या आदल्याच हंगामात, युद्धामुळे महूला नेमणुकीवर असलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून अंतिम सामना खेळला आणि त्याने मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा काढल्या. हा कॉम्प्टन मुळात आर्सेनलचा व्यावसायिक फुटबॉलपटूही होता. आणि उलट्या दिशेचं उदाहरण हवं तर राहुल द्रविड: जन्म इंदूरचा, घरची भाषा मराठी, खेळला कर्नाटककडून. आपण त्याला आपला म्हणतो आणि बंगळूरुकरही म्हणतात. त्यात कुणाचं काही कमी झालं नाही.

हा अन्याय परदेशातही होतो. फुटबॉलपटू मेसुत ओझिल जर्मनीत, गेल्सेनकिर्शेनला जन्मला, घराणं तुर्की. २०१४ चा विश्वचषक जर्मनीने जिंकला तेव्हा तो संघात होता. २०१८ मध्ये जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडली आणि तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांसोबतच्या त्याच्या एका फोटोवरून झालेलं वादळ त्याच्यावरच येऊन आदळलं. जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित, अशा आशयाचं पत्र लिहून त्याने राष्ट्रीय संघ सोडला. तो फोटो काढणं चूक होतं, असं म्हणायला जागा आहे. पण चुकीबद्दल एखाद्याला सुनावणं वेगळं आणि त्याचं नागरिकत्वच तोलायला घेणं वेगळं. जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या आणि त्या रात्री त्यांच्या रंगावरून जे लिहिलं गेलं ते इथे छापण्याजोगं नाही. साका तेव्हा १९ वर्षांचा होता.

हे सगळं दूरदेशीचं आहे, अशी समजूत करून घेऊन चालणार नाही. मार्च २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात, अरीकोडला, सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलच्या, सामन्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला प्रेक्षकांनी मैदानात घुसून मारलं. आपल्या रंगावरून शिवीगाळ झाली आणि दगड फेकले गेले, अशी तक्रार त्याने पोलिसांकडे केली. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या जिल्ह्यात हे घडलं, म्हणून ते जास्त लागतं.

मार्च २०२५ मध्ये शिलाँगला लेस्टरचा हमझा चौधरी बांगलादेशकडून पदार्पणात भारताविरुद्ध खेळला. बांगलादेशात दुहेरी नागरिकत्व चालतं, त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट न सोडता त्याला आईच्या देशाकडून खेळता आलं. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला मात्र आपण १-० ने हरलो. तेव्हापासून परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू आणा, अशी मागणी आपल्याकडेही जोरात आहे. एकच नागरिकत्व ठेवणं हा राज्यघटनेने केलेला विचार आहे आणि त्यामागची कारणं गंभीर आहेत. खेळाडूंपुरता तो सैल करावा की नाही यावर जरूर वाद व्हावा. पण ही मागणी करणाऱ्यांच्या बोलण्यात गोल आणि क्रमवारीच ऐकू येते; येणारा माणूस काय मागे ठेवून येतो याचा उल्लेख क्वचित येतो.

असं मागे ठेवून आलेला एक माणूस म्हणजे रायन विल्यम्स. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. आई मुंबईतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. आजोबा १९५० च्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. इंग्लंडमध्ये फुलहॅम, पोर्ट्समथ करत तो २०२३ मध्ये बेंगळुरू एफसीत आला. ऑस्ट्रेलियाकडून एक सामना खेळलेल्या या खेळाडूने ते नागरिकत्व सोडलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय पासपोर्ट घेतला. त्या महिन्यात आयएसएलचा नवा हंगाम कधी सुरू होणार, हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. त्याची निष्ठा मोजायला निघालेल्यांनी आधी भारतीय फुटबॉल महासंघाकडे जाऊन सामन्यांचं वेळापत्रक मागायला हवं होतं.