घरचं पीठ, कुणाचे तास?

मिक्सर घेताना आपण वॅट बघतो, वेट ग्राइंडर घेताना दगड. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं आणि डाळ तापवतं. ग्राइंडरचे दगड सावकाश फिरतात, म्हणून इडलीचं पीठ हलकं होतं. घरघंटीत मोटर बघायची, साधारण एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, आणि बारीक-जाड पिठाच्या जाळ्या बघायच्या. पण एक प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. उरलेलं काम कोण करणार?

यंत्र फक्त दळतं. धान्य आणणं, निवडणं, त्याला ऊन दाखवणं, भाजणीसाठी तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, ज्वारी, धणे वेगवेगळे भाजणं, जाळी बदलणं, शेवटी आत बसलेलं पीठ झटकून पुसणं, हे सगळं माणूसच करतं. ते माणूस कोण, हे बहुतेक घरांत न विचारताच ठरलेलं असतं.

अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलं. तिकडे बाजारात तयार पीठ मिळू लागलं, तेव्हा धान्य सोलण्या-कांडण्याचं आणि गिरणीत नेण्याचं पुरुषांचं, मुलांचं काम संपलं. पांढऱ्या पिठाच्या पावाची, केकची अपेक्षा मात्र वाढली आणि ती बायकांच्या वाट्याला आली. कष्ट वाचले हे खरं, पण कुणाचे?

आपल्याकडे जात्याबद्दल हळवं होणं फार सोपं आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत माया आहे, भक्ती आहे. आणि पहाटे उठून दळणाऱ्या बाईचा सासुरवासही आहे. गिरणी आली तशी जाती कोपऱ्यात गेली, ती उगीच नाही. दळणाचा डबा सायकलच्या कॅरिअरवर ठेवून मुलं, वडील निघू लागले. ‘ज्वारीवर ज्वारीच टाका हं’ हा निरोप मुलांनाही पाठ झाला. शिवाय गिरणीत किलोमागे दर असतो. दळणं हे काम आहे आणि त्याचे पैसे पडतात, हे तिथे सगळ्यांना मान्य असतं. घरघंटी तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात आणते आणि दराची पाटी काढून टाकते.

म्हणून ती घेऊच नये, असं मी म्हणत नाही. घरात कुणाला सीलिअॅक आजार असेल, तर ज्वारीत मिसळलेलं गव्हाचं थोडंसं पीठही त्रास देतं. तिथे वेगळी घरघंटी ही गरज आहे. गव्हाच्या अंकुरातलं तेल दळल्यावर हळूहळू खवट होतं, त्यामुळे लागेल तेवढंच ताजं दळण्यातही अर्थ आहे. माझं भांडण ‘घरचं’ या शब्दाला आपण चिकटवलेल्या पुण्याशी आहे. विकतचं म्हणजे आळस, घरचं म्हणजे प्रेम, असा हिशेब आपण सहज मांडतो. पण ते प्रेम दर आठवड्याला एकाच माणसाच्या रविवारातून कापलं जात असेल, तर बाकीचे ते फुकट खात असतात. त्यांना चव कळते, तास दिसत नाहीत.

आमच्या घरी घरघंटीचा विषय निघाला तेव्हा मी एकच अट घातली. वॉरंटी आणि जाळ्यांच्या आधी कामांची यादी करायची आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहायचं. सगळीकडे एकच नाव येणार असेल, तर कोपऱ्यावरची गिरणी जास्त न्यायाची. तिथे दळणाऱ्याला निदान पैसे मिळतात. सध्या यादीत ‘निवडणे’पुढे माझं नाव आहे. ‘आतून पुसणे’पुढची जागा अजून रिकामी आहे.