टोकाला मोकळी जागा

चैत्राचे ऊन चढू लागले की दुपारी मी परसातल्या चिकूखाली खाट टाकतो. झाड जुने आहे, सावली दाट आहे, आणि अधूनमधून एखादे अर्धकच्चे फळ वाऱ्याशिवायच टपकन खाली येते; ते उचलून दाताखाली धरण्याचा मोह, त्याचा चीक ओठांवर दिवसभर ठाण मांडून बसणार हे पुरते ठाऊक असूनही, मला या वयातही आवरत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तो कागदोपत्रीही आमचा झाला. झाड मात्र मूळचे फार दूरचे, मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन समुद्राच्या काठचे. तिथल्या अरण्यांत झाडाला खाचा पाडून हाच चीक गोळा करीत आणि त्याचे च्युइंगम होई. इथे ते असे रुजले की परके म्हणावे असे त्यात काही उरले नाही. कोण कुठून निघाले हे रुजल्यावर कुणी विचारीत नाही. खाच पाडली की चीक मात्र तोच निघतो.

त्या समुद्राकाठचे संगीत मी एकदाच समोर बसून ऐकले आहे. भाच्याकडे न्यूयॉर्कला गेलो होतो. तिकडे उन्हाळा म्हणजे घराबाहेर पडण्याचा ऋतू, आपल्यासारखा पडदे ओढून घेण्याचा नव्हे. सेंट्रल पार्कात तर १९८६पासून उन्हाळाभर उघड्यावर संगीत चालते आणि त्यातले बरेचसे विनामूल्य. आम्ही गेलो ते तिथून दूरच्या एका लहानशा उद्यानात. प्वेर्तो रिकोची मंडळी वाजवीत होती. या प्रकाराला ‘बोंबा’ म्हणतात असे भाच्याने सांगितले तेव्हा मला हसू आले, कारण आपल्याकडे बोंब शिमग्याला मारतात आणि तिला ताल नसतो. मग घेरदार परकर नेसलेली एक पोक्त बाई ढोलासमोर आली, तिने ढोलवाल्यापुढे मान लववली, आणि परकराच्या काठाला एक झटका दिला. ढोलातून तेवढाच, त्याच वजनाचा आघात उमटला. तिने खांदा उडवला, ढोल उडाला. ती थबकली, ढोल थबकला. त्या नाचात नाचणारी वाजवणाऱ्यामागे जात नाही. वाजवणाऱ्यानेच तिच्या देहाकडे डोळे लावून बसायचे असते. उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी हा खेळ उभा केला. ज्याच्या देहावर दिवसभर दुसऱ्याचा हुकूम चाले, त्याने रात्री त्याच देहाला हुकूम करायला लावावे, याला नुसती करमणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्याकडे नेमके याच्या उलट. वारल्यांच्या नाचात तारपा फुंकणारा तारपकरी मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेला हातांचा विळखा घालून जोडलेली रांग त्याच्याभोवती. तो वळला की रांग वळते, त्याने चाल बदलली की पावले बदलतात, आणि तारप्याकडे पाठ फिरवायची नाही हा दंडक. रांगेच्या पुढच्या टोकाला असतो त्याच्या हातात घुंगरू बांधलेली काठी. ती जमिनीवर आपटली की मागच्यांना पालट कळतो. वाद्य म्हणाल तर आडदांड: वाळवून पोकळ केलेला दुध्या भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत कापून घातलेल्या जिभा, आणि टोकाला ताडाची पाने गुंडाळून केलेला लांबलचक कर्णा. तलासरीकडच्या एका पाड्यावर एका म्हाताऱ्या तारपकऱ्याला मी विचारले होते, “बाबा, श्वास कुठं घेता? सूर तर तुटत नाही.” तो बोटाने मेण थापत होता. वर न बघता म्हणाला, “नाकानं. तोंड तारप्याचं, नाक माझं.” गालांत वाऱ्याची ठेव ठेवायची आणि नाकाने नवा वारा मिळेपर्यंत त्या ठेवीवर सूर चालवायचा, एवढेच त्याचे शास्त्र. कणगीतल्या भातावर पुढचे पीक येईपर्यंत दिवस काढणाऱ्या माणसाला ते वेगळे शिकवावे लागत नसेल.

भोपळ्याचे मला विशेष कौतुक आहे. मराठीत परीक्षेतल्या शून्याला त्याचे नाव, आणि जगातल्या निम्म्या वाद्यांचे पोट त्याचे. मिरजेचा तंबोरा घ्या, वारल्यांची धान्यदेवता कणसरीच्या कथेला साथ देणारी घांगळी घ्या, की कॅरिबियन बेटांवरचा ग्विरो घ्या, ज्याच्या अंगावर ओळीने खाचा पाडून काडी घासली की पावसाआधीच्या बेडकासारखा करकराट निघतो. उगम या भोपळ्याचा आफ्रिकेतला. तिथून तो लाटांवर तरंगत, पोटातले बी कोरडे राखीत, अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला असावा, असे त्याच्या जनुकांवरून शास्त्रज्ञ म्हणतात. म्हणजे साखळदंड घालून आणलेला आफ्रिकी माणूस त्या बेटांवर उतरला तेव्हा त्याच्या घरचा भोपळा हजारो वर्षांपूर्वीच तिकडे येऊन, वेल चढवून, त्याची वाट बघत होता. ही कल्पना माझ्या मनातून काही केल्या जात नाही. परमुलखात पहिल्या दिवशी ओळखीचे एक फळ दिसावे, ते ठोकून पाहावे, आणि आतून आपल्याच गावचा आवाज यावा.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तारप्याच्या नाचाला जगाच्या भिंतींवर नेले. पूर्वी लग्नाचा चौक लिहायचा तो सवासिनींनी, तांदळाच्या पिठाने, कुडाच्या भिंतीवर आणि त्या कार्यापुरताच. मशे यांनी १९७०च्या दशकात तोच हात कागदावर रोजचा केला. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. आता तो तारपा-नाच चहाच्या कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर, विमानतळांवर सगळीकडे दिसतो, आणि इतका दिसतो की कुणी बघत नाही. एकदा नीट बघा. मध्ये तारपकरी, भोवती दोन त्रिकोणांच्या टोकांवर तोललेली माणसे, आणि ती आकृती वर्तुळ नाही. ते वेटोळे आहे. वर्तुळात शिरायचे तर आधी कुणाचा तरी हात सोडवावा लागतो, कुणाला तरी बाजूला सरावे लागते. वेटोळ्याचे शेपूट उघडे असते, येणाऱ्याने मागच्या माणसाच्या कमरेला हात घालायचा की तो नाचात आला. न्यूयॉर्कच्या त्या उद्यानात प्रवेशाला पैसे नव्हते, पण दोरीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे ते, अशी वाटणी होती. शेवटी सगळ्यांना नाचायला बोलावले तेव्हा भाचा गेला. मी माझ्या गुडघ्याचे कारण सांगितले, जे अर्धे खरे होते.

विनामूल्य. हा शब्द उद्यानाच्या फलकावर शोभतो. घरात आपण म्हणतो फुकट, आणि म्हणताना नाक थोडे मुरडतो, कारण फुकटच्या वस्तूची किंमत कुणी तरी, कुठे तरी मोजलेली असते हे भाषेला ठाऊक असते. वारल्यांची लग्ने उन्हाळ्यातली. मांडवात लग्न लावणारी धवलेरी रात्र जागवीत गाते, अंगणात नाच चालतो, आलेला कुणी उपाशी जात नाही, आणि ऐकणाऱ्याला कोण तू असे कुणी विचारीत नाही. पण या डहाणू-तलासरीच्या मुलखात अशा एका रात्रीच्या खर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतलेला नवरदेव दुसऱ्या दिवसापासून त्याचा लग्नगडी होई. बायकोसकट राबे, आणि कर्ज मात्र फिटत नसे. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे ज्याने वाचले त्याला वारली लग्नाचे गाणे पुन्हा पूर्वीसारखे ऐकता येत नाही, निदान मला आले नाही. गडी हा शब्द किती मायेचा, खेळगडी म्हणताना तोंडात कसा घोळतो. त्याच्याआधी लग्न लावले आणि माणूस विकला गेला. तलासरीजवळच्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. तोही उन्हाळाच होता आणि सभाही उघड्यावरच. वारली माणसाचा उन्हाळा मोकळा झाला तो त्या दिवसापासून पुढे, हळूहळू, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबारात माणसे गमावून.

इकडचे असे, तिकडचेही असेच. त्रिनिदादमध्ये १८३८ साली गुलामी पुरती संपली, आणि सुटलेल्या माणसांनी मालकांचा कार्निव्हल रस्त्यावर ओढून आपला केला. सरकारला ढोलाचे भय वाटले. १८८०च्या दशकात ढोलांवर बंदी आली. मग त्यांनी बांबू कापले, वेगवेगळ्या लांबीचे, आणि जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बांबूंनाही हरकत आली तेव्हा डबे, पत्रे, डब्यांची झाकणे, आणि अखेर तेलाची रिकामी पिंपे. त्यांची तळे ठोकून ठोकून त्यांतून त्यांनी सप्तक काढले. त्याच बेटावर ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे गिरमिटिये घेऊन लागले होते. त्या माणसांबरोबर आणि त्यांच्यामागून आलेल्यांबरोबर ताशाही गेला. तिकडे तो आजही त्याच नावाने लग्नांत आणि मोहरमात वाजतो, आणि वाजवण्याआधी त्याचे कातडे विस्तवावर शेकतात. ताशा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गणपती येतो. कलकत्त्याहून सुटलेल्या त्या जहाजांत मराठी माणूस क्वचितच असेल. पण विस्तवावर कातडे शेकताना कान जवळ नेऊन बोटाने टिचकी मारून पाहायची ती लकब कुणाच्या बापाची नसते, ती ज्याला त्याला त्या कातड्यानेच शिकवलेली असते.

हीच लकब मी दर चैत्रात इथे बघतो. महालक्ष्मीच्या यात्रेत, विवळवेढ्याला, रस्त्याकडेच्या शेतात चार पोरे गवताच्या जाळावर ढोल धरून उभी असतात. जाळ फार जवळ आला की कातडे तडकणार, लांब राहिला की ढोल बसका बोलणार, आणि ही मधली वीतभर जागा कुणी मोजून सांगू शकत नाही. एक पोरगा टिचकी मारतो, मान हलवतो, पुन्हा फिरवतो. तेवढ्यात मागच्या मंडपातला डीजे असा काही दणाणतो की त्याची टिचकी त्यालाच ऐकू येत नाही. मला डीजेचा राग येतो, आणि मग रागाचा संशयही येतो, कारण त्या डीजेपुढे नाचणारी पोरे वारल्यांचीच असतात आणि मोठ्या मजेत असतात. त्यांनी माझ्यासाठी चित्रासारखे उभे राहावे हा हट्ट माझा, त्यांचा नव्हे. तारपा मुळात भात पिकण्याच्या दिवसांतला. यात्रेत दिसला तर तो बोलावून आणलेला, आणि त्याला ध्वनिक्षेपकाशी भांडण्यात रस नसतो. तो गर्दी सोडून, दूर ताडाखाली, आपल्यापुरता सुरू होतो.

देवीची कथा अशी सांगतात की पूर्वी ती डोंगरावर होती. एक गरोदर बाई दर्शनाला चढताना भोवळ येऊन पडली, तेव्हा देवी म्हणाली, तू नको येऊ, मीच खाली येते. म्हणून देऊळ पायथ्याशी आहे. ध्वज मात्र अजून वर जातो. जव्हारच्या मुकणे घराण्याकडून आलेला तो ध्वज वाघाडीचा पुजारी पौर्णिमेच्या मध्यरात्री एकटा मुसळ्या डोंगरावर चढवतो, आणि खाली माणसे मिरची, कांदे, सुकी मासळी घेत, पोरांना पाळण्यात बसवत, मधूनच वर बघत असतात.

यात्रा चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस असते. पश्चिम रेल्वेने डहाणू रोडला उतरावे, तिथून चारोटीकडे वाहने मिळतात. उन्हे कलल्यावर जा, पाणी जवळ ठेवा. ताडाखाली तारपा सापडलाच तर समोर उभे राहून फोटो काढू नका. रांगेच्या मागच्या टोकाला जा. तिथे जागा असते.