४०० घोडेस्वारांचा तह

१८२७ साली ईस्ट इंडिया कंपनीने कोल्हापूरवर एक तह लादला. शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराजांनी गडांवरची शिबंदी वगळून ४०० घोडेस्वार आणि ८०० पायदळ एवढीच फौज ठेवावी, चिकोडी आणि मनोळी सोडून द्यावे, कोल्हापुरात आणि पन्हाळ्यावर इंग्रजी पलटण राहू द्यावी, अशा त्याच्या अटी होत्या. त्याआधी १८१२ च्या तहात मालवण आणि सिंधुदुर्ग गेले होते. आपल्या बंदरांतून सशस्त्र गलबतांची ये-जा होऊ देणार नाही, हेही करवीरकरांना कबूल करावे लागले होते.

आजच्या भाषेत हे शस्त्रमर्यादा करारच म्हणायचे. आकडे ठरलेले होते, देखरेखीची सोयही होती. कंपनीच्या स्वतःच्या फौजेला मात्र कसलीच मर्यादा नव्हती. अशा तहाने शांतता किती टिकली? १८४४ मध्ये वतनी जमिनींच्या कारभारात ढवळाढवळ होताच सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी उठाव केला. तो मोडल्यावर इंग्रजांनी गडच निकामी केले. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच पाडला गेला. एकट्या दुबळ्यावर घातलेली मर्यादा त्याला निःशस्त्र करते, पण भांडण मिटवत नाही.

अमेरिका आणि सोव्हिएत संघातला १९८७ चा रेगन-गोर्बाचेव करार याच्या अगदी उलट होता. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून डागायची सगळी क्षेपणास्त्रे दोघांनीही नष्ट करायची होती. १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली, कारण अमेरिकी निरीक्षक रशियातल्या कारखान्याच्या दारात बसले आणि सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेतल्या. बंधन दोघांवर होते आणि तपासणीही दोघांची होती. २०१९ मध्ये उल्लंघनाचे आरोप-प्रत्यारोप होऊन तो करार संपला. दोन्ही देशांच्या तैनात सामरिक अण्वस्त्रांवर प्रत्येकी १,५५० ची मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या ‘न्यू स्टार्ट’ करारातला सहभाग रशियाने २०२३ मध्ये थांबवला. त्याची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती आणि ती पुन्हा वाढवण्याची तरतूद त्यात नव्हती.

बलवानाला मोडायचा असेल तर करार मोडतोच, मग त्यांचा उपयोग काय, असे अनेकांना वाटते. त्याचे उत्तर आपल्या सीमेवरच आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तानने १९८८ मध्ये केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिल्या, पुलवामानंतरही दिल्या. वैर असूनही हा करार टिकला, कारण देणे-घेणे दोन्हीकडून सारखे आहे.

२००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची पूर्वसूचना दोन्ही देश देतात. क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात नाहीत. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे असेच एक क्रूझ क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. भारताने चूक मान्य केली, चौकशी होऊन तीन अधिकारी बडतर्फ झाले. दोन अण्वस्त्रधारी देश त्या दिवशी थोडक्यात वाचले. अशा अपघाताची माहिती तत्काळ कळवण्याची आणि क्रूझ चाचण्यांच्या पूर्वसूचनेची तरतूद करण्यात कोणाचीच हार नाही.

भारताला एकतर्फी नियमांची झळ ठाऊक आहे. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान घेण्यावरून अमेरिकेने १९९२ मध्ये इस्रोवर निर्बंध लादले, ते क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटाच्या नियमांचा आधार घेऊनच. २०१६ मध्ये भारत स्वतः त्या गटाचा सदस्य झाला. आत बसलेल्याने बाहेर असतानाची तक्रार विसरू नये. प्रत्येक नव्या करारापुढे आपण दोन प्रश्न ठेवले पाहिजेत: मर्यादा सगळ्यांवर आहे का, आणि तपासणी सगळ्यांची होणार का? आपल्या शस्त्रांबद्दलही हेच प्रश्न विचारण्याची तयारी दाखवली, तरच जगाला ते विचारण्याचा अधिकार आपल्याला राहील.