दयेच्या अर्जावरची तारीख

इन्सुलीच्या चेकपोस्टवर मालाची गाडी तासभर अडकली, की ड्रायव्हर खाली उतरून विचारतो, कागद कुणाकडे आहेत? फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज वर्षानुवर्षं सरकारदरबारी पडून राहतो, तेव्हा हा साधा प्रश्न कुणी वेळेवर विचारत नाही.

आंबोली घाट चढून पलीकडे गेलं की कोल्हापूर. तिथला बालहत्याकांडाचा खटला आपल्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये कायम केली. दयेचे अर्ज राज्यपालांनी फेटाळले, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनीही फेटाळले. तरी १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाला ती शिक्षा जन्मठेपेवर आणावी लागली, कारण अर्जांचा निकाल लागायला पावणेआठ वर्षांहून अधिक काळ गेला होता. राज्याच्या अधिकाऱ्यांच्या बेफिकिरीवर न्यायालयानं बोट ठेवलं. म्हणजे दया कुणीच दाखवली नाही. शिक्षा कमी झाली ती दिरंगाईमुळे. ज्यांची लेकरं गेली, त्या आईबापांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि ‘आज की उद्या’ या धास्तीत वर्षं काढायला लावणं ही तरी कोणत्या कलमातली शिक्षा?

पुण्यातल्या २००७ च्या बलात्कार-खून खटल्यातही तेच. राष्ट्रपतींचा नकार मे २०१७ चा, फाशीचं वॉरंट एप्रिल २०१९ चं! तीही फाशी ३५ वर्षांच्या कैदेवर आली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं आणि दयेचे अर्ज मुदतीत मार्गी लावायला प्रत्येक राज्यानं स्वतंत्र कक्ष नेमावा, असं बजावलं.

जन्मठेपेचंही पाहायला हवं. ती चौदा वर्षांची असते असा गावोगाव समज आहे. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं ही सुटकेच्या विचाराआधीची किमान कैद. पुढचं सरकार ठरवतं. सुटकेच्या धोरणात बसणाऱ्या कैद्याचा विचार अर्जाची वाट न पाहता करा, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं. मला हा आदेश फार मोलाचा वाटतो. कळंब्याच्या तुरुंगात ज्याला भेटायला येणारं कुणी उरलं नाही, त्याचा अर्ज लिहिणार कोण?

गृहखात्यानं प्रत्येक अर्जावर मुदत घालावी. तो आज कुणाच्या टेबलावर आहे, हे कैद्याच्या आणि बळी गेलेल्याच्या, दोन्ही घरांना कळवावं. होकार असो वा नकार, कारण लिहून ठेवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही.