मोत्याचा पडलेला चेहरा

माणसाची खरी परीक्षा घरात दुसरं कोणी नसताना होते, असं आमचे वडील म्हणत. त्या परीक्षेत मी कितीदा नापास झालो हे कुणालाच कळलं नाही, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. मोत्याचं नशीब तसं नाही. आमचा हा कुत्रा दर वेळी पकडला जायचा.

आम्ही दोघं एखाद्या लग्नाहून परत यावं, दार उघडावं, तो समोर माझ्या कोल्हापुरी चपलेचा नुसता अंगठा! उशीतला कापूस थेट देव्हाऱ्यापर्यंत. दारावर नखांनी काढलेली नक्षी. आणि मोत्या सोफ्याखाली. कान मागे, शेपूट पायांत, नजर चोरलेली.

"बघा, चेहऱ्यावर लिहिलंय त्याच्या!" ही म्हणायची. मग मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला नीतीचे धडे द्यायचो. अग्रलेखाचा एवढा परिणाम दुसऱ्या कुणावर झालेला मी पाहिला नाही.

पुढे एक गोष्ट वाचनात आली आणि गुंडाळी हातातच राहिली. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन बाईंनी १४ कुत्र्यांवर एक प्रयोग केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. मालकानं 'हे खायचं नाही' असं कुत्र्याला बजावून बाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्यानं ते खाल्लं की नाही, हे मालकाला कधी खरं सांगत, कधी खोटं. निष्कर्ष काय? गुन्हा केलेला असो वा नसो, मालक रागावला की कुत्र्याचा चेहरा पडतो. उलट ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं, त्यांचा जास्त पडला!

हे वाचून मला आमचा चौथीचा वर्ग आठवला. "खडू कुणी फेकला?" असं गुरुजींनी विचारलं की फेकणारा निर्विकार बसायचा आणि घाम मला फुटायचा. छड्या अर्थातच मला. म्हणजे जो न्याय मला मिळाला, तोच मी इमानेइतबारे मोत्याला देत होतो.

मग मुलानं घरात कॅमेरा बसवून दिला. बाहेर बसून मोबाइलवर घर बघायचं. आम्ही बघितलं. आमची पाठ वळताच हा चोर चोरीला लागेल अशी माझी खात्री. तो दारासमोर बसला. रडला. दार खरवडलं. पुन्हा रडला. शेवटी जाऊन माझी चप्पल घेऊन आला, तिच्यावर नाक टेकून पडला आणि मग हळूहळू चावू लागला. ही म्हणाली, "अहो, चला घरी." लग्न लागायचं होतं.

कुत्रा सोबत नसेल तर स्वर्गही नको, असं युधिष्ठिर म्हणाला होता. त्याचं ठीक आहे. त्याला पुढं मंगल कार्यालयात जायचं नव्हतं. आम्हाला मधला मार्ग शोधावा लागला. निघण्याआधी मोत्याला भरपूर फिरवायचं. पोकळ रबरी खेळण्यात पोळीचे तुकडे कोंबून त्याच्यापुढं टाकायचं. "येतो हं राजा" वगैरे निरोपसमारंभ बंद. पहिल्यांदा एकच मिनिट बाहेर, मग दोन, मग पाच; तो घाबरतोय असं दिसलं की पुन्हा एकावर. दर मिनिटाला कुलूप लावून उघडणारा मी बघून शेजारच्या वहिनींनी हिला हळूच विचारलं, "भाऊंना हल्ली विसरायला होतं का?"

दोन महिने गेले. आता मोत्या तासभर एकटा राहतो. चपला शाबूत आहेत. त्याच्यात नीती आली की नुसती भीती गेली, हे मला सांगता येणार नाही. माझ्यात तरी नक्की काय आहे, हे वडील असते तर विचारलं असतं.

परवा ही भजनाहून आली आणि मोबाइल हातात धरून नुसतं "काय हो?" म्हणाली. डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय. लाडवांचा डबा फळीवर आहे. माझा चेहरा खर्रकन उतरला. वास्तविक त्या दिवशी मी डब्याला हातसुद्धा लावला नव्हता! पण हे तिला सांगेपर्यंत मोत्याही खबरदारी म्हणून सोफ्याखाली जाऊन बसला होता.