श्रीराम सिंगची पहिली फेरी

माँट्रियल, २५ जुलै १९७६. ऑलिंपिकच्या ८०० मीटर शर्यतीची अंतिम फेरी. चारशे मीटर संपले, शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि घड्याळात ५०.८५ सेकंद झाले होते. सगळ्यांच्या पुढे होता भारतीय सैन्यातला, राजपुताना रायफल्सचा श्रीराम सिंग. त्याला खेटून क्यूबाचा धिप्पाड आल्बेर्तो हुआंतोरेना. मागे बेल्जियमचा इव्हो व्हान डाम, अमेरिकेचा रिक वोलहूटर आणि वीस वर्षांचा ब्रिटिश स्टीव्ह ओव्हेट.

दुसऱ्या फेरीत हुआंतोरेना पुढे निघाला तो कुणाच्याच हाती लागला नाही. १ मिनिट ४३.५० सेकंद, नवा विश्वविक्रम. श्रीराम १ मिनिट ४५.७७ सेकंदांत सातवा आला. सहावा आलेला युगोस्लाव्हियाचा लुचियानो सुशान्य त्याच्यापेक्षा फक्त दोन शतांश सेकंदांनी पुढे होता.

रोममध्ये मिल्खा सिंग चौथा आला, लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं पदक शतांश सेकंदानं गेलं. या आठवणी आपण जपल्या, कारण त्यांत हळहळ आहे. सातव्या क्रमांकाच्या वाट्याला हळहळही येत नाही. तरी ही धाव मला भारतीय ॲथलेटिक्समधल्या सर्वांत मोलाच्या धावांपैकी एक वाटते, आणि तिचं पुढे आपण काय केलं हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा वाटतो.

श्रीराम राजस्थानातल्या खेड्यातून आला आणि १९६८मध्ये फौजेत भरती झाला. आधी तो पाच हजार मीटर धावायचा. त्याची पावलं वेगळ्या अंतरासाठी आहेत हे इलियास बाबर या प्रशिक्षकांनी ओळखलं आणि त्याला ४०० आणि ८०० मीटरकडे वळवलं. १९७०च्या बँकॉक एशियाडमध्ये रौप्य, १९७४ला तेहरानमध्ये सुवर्ण, १९७८ला पुन्हा बँकॉकमध्ये सुवर्ण. त्या बँकॉकच्या स्पर्धेत महिलांच्या ८०० मीटरचं सुवर्ण गीता झुत्शीनं जिंकलं, तीही बाबर यांचीच शिष्या. एका माणसाची नजर आणि शिस्त काय घडवू शकते, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

आठशे मीटर हे अंतर मोठं निर्दय. नुसत्या वेगावर ते निभत नाही, नुसत्या दमावरही नाही. पहिल्या चारशेत हात राखला तर शेवटी वेगवान गडी निघून जातात. जोर लावला तर शेवटच्या दीडशे मीटरला पायांत शिसं ओतल्यासारखं होतं. शिवाय जो पुढे धावतो तो वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या आडोशानं येतात. मागच्यांना समोर पाठ दिसते, त्याला मोकळा ट्रॅक. म्हणून बहुतेक जण दुसऱ्या कुणीतरी आघाडी घ्यावी याची वाट पाहतात. श्रीरामनं वाट पाहिली नाही. दुसरी फेरी त्याला सुमारे पंचावन्न सेकंदांची पडली. पण कुणीतरी पहिली फेरी तशी धावल्याशिवाय विश्वविक्रम होत नसतो. आफ्रिकी देशांच्या बहिष्कारामुळे केनियाचा माइक बॉइट त्या शर्यतीत नव्हता; तरीही शर्यत मंदावली नाही, याचं श्रेय जेवढं हुआंतोरेनाचं तेवढंच आघाडीवर धावणाऱ्या भारतीयाचं आहे.

आणि त्या धाडसात त्याचं नुकसान झालं असंही नाही. १:४५.७७ ही त्याची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ होती. तो आशियाई विक्रम ठरला.

पुढे धावणारा स्वतःपुरता धावत नाही, हे २०१२च्या लंडन ऑलिंपिकनं सगळ्या जगाला दाखवलं. केनियाच्या डेव्हिड रुडिशानं पहिली फेरी ४९.२८ सेकंदांत घेतली, शेवटपर्यंत कुणाला पुढे येऊ दिलं नाही आणि १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्या शर्यतीत शेवटचा, आठवा आलेला धावपटू १:४३.७७ धावला. आधीच्या तिन्ही ऑलिंपिकमध्ये एवढ्या वेळेत सुवर्णपदक मिळालं असतं! रुडिशानं सगळ्यांना आपल्यामागे ओढून नेलं होतं.

श्रीरामच्या मागे मात्र आपल्याकडे कुणी आलं नाही. त्याचा राष्ट्रीय विक्रम मोडला २०१८ साली, गुवाहाटीत. जिन्सन जॉन्सननं १:४५.६५ अशी वेळ दिली. ४२ वर्षांत सुधारणा बारा शतांश सेकंदांची. त्याच काळात विश्वविक्रम सेबॅस्टियन को, विल्सन किपकेटर आणि रुडिशा यांच्या हातून अडीच सेकंदांहून अधिक खाली आला होता. एवढी वर्षं टिकलेल्या विक्रमाचं आपण कौतुक केलं. खरं तर दर वाढदिवशी त्याची लाज वाटायला हवी होती.

दोष धावपटूंचा नाही. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये चार्ल्स बोरोमिओनं १:४६.८१ वेळेत सुवर्ण जिंकलंच. पण आपल्या व्यवस्थेत नोकरी, बढती, सत्कार सगळं क्रमांकाला बांधलेलं असतं. मग राष्ट्रीय स्पर्धेत पहिली फेरी रेंगाळत काढून शेवटच्या दोनशेत बाजी मारणं हेच शहाणपण ठरतं. आपल्याला पहिला कोण आला हे कळतं; शर्यत कुणी उभी केली, हे विचारायची सवय नाही. बाबर यांच्यासारख्यांनी जे अनुभवातून कमावलं, ते पुढच्या पिढीकडे पोचवायचीही सोय आपण केली नाही.

आणि हे फक्त मैदानापुरतं नाही. शाळेत, संशोधनात, नाटकात, चळवळीत कुणीतरी आधी वारा अंगावर घेतो आणि पुष्कळदा निकालाच्या यादीत खाली राहतो. त्याची किंमत पदकानं करणारा समाज पुढच्यांची वाट स्वतःच बंद करतो. म्हणून मला वाटतं, तालुक्याच्या मैदानावर आठशे मीटर धावणाऱ्या मुलाला नंबर विचारण्याआधी वेळ विचारावी, आणि पहिली फेरी कोण पुढे होतं तेही विचारावं. ज्या दिवशी सातव्या आलेल्या मुलीच्या वहीत तिची सर्वोत्तम वेळ लिहून प्रशिक्षक तिची पाठ थोपटतील, त्या दिवसापासून आपल्याकडे विक्रम म्हातारे होणार नाहीत.